विद्यापीठासोबत ‘संयुक्त संशोधन’ : घ्यावं का नाही? (५ पैकी ३ स्टार)

मिक्सरचा, मोबाईलचा, मिसळीचा रिव्ह्यू सगळेच टाकतात, विद्यापीठासोबत केलेल्या संशोधनाचा कुणी टाकत नाही, म्हणलं आपणच टाकावा. त्यांच्या भाषेत याला कोलॅबरेशन म्हणतात, त्यात एमओयू (सामंजस्य करार) असतो, शाल-श्रीफळ असतं, बॅनरसमोरचा फोटो असतो. पण आमच्या बाजूनं बघितलं तर आम्ही पैसे, माणसं आणि वेळ घातला आणि त्याच्या बदल्यात काहीतरी हाती लागायला पाहिजे होतं, म्हणजे सेवाच झाली की. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. एक तर तिथल्या सरांशी अजून चांगलं बोलणं आहे, आणि दुसरं म्हणजे खालच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा त्या एका विभागाच्या नाहीतच, दुसरीकडं गेला असता तरी थोड्याफार फरकानं हेच निघालं असतं.

आमची संस्था छोटी, साताऱ्यातल्या माण तालुक्यात पाणलोटाचं काम करते. साडेचारशे-पाचशे मिलीमीटर पाऊस, तोही आला तर. समतल चर, माती नालाबांध, सिमेंट बंधारे, गाळ काढणं, बचत गट, असं सगळं. पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात तो. आता सीएसआरवाले पूर्वीसारखे नुसत्या फोटोवर भागवत नाहीत, २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना एक कोटीच्या वरच्या प्रकल्पांचं बाहेरच्या एजन्सीकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि ती हवा आमच्यासारख्या लहान कामापर्यंतही आली. ‘पाणी वाढलं हे कशावरून?’ प्रश्न रास्त आहे. जलयुक्त शिवार या सरकारी योजनेचं आठवत असेल, डिसेंबर २०१४ ला सुरू झालं, साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला आणि २०२० मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं लिहिलं की भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसत नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं पण गावागावात आधीची आणि नंतरची मोजमापं नीट असती तर निम्मं भांडण झालंच नसतं. म्हणून आम्ही ठरवलं की आपलं आपण मोजून आपलंच कौतुक करण्यापेक्षा विद्यापीठाला बोलवू.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच चांगलं होतं. भूशास्त्राचे सर हातोडी घेऊन ओढ्याच्या खालच्या टोकापासून वर गायरानापर्यंत चालत गेले, भर उन्हात, आणि मागे पंधरा-वीस शेतकरी. आपल्याकडचा खडक म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. काळा कातळ लागला की विहीर खणणारे कपाळावर हात मारतात, मांजऱ्या (पाणी धरणारा छिद्राळ थर) लागला की खूश होतात, मधे लाल गेरूचा पट्टा येतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. सरांनी काय केलं तर ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनाच विचारत विचारत कोणाला किती खोलीवर काय लागलं ते लिहून घेतलं आणि ते जोडून एक आडवा छेद काढला, शाळेच्या फळ्यावर, खडूनं. खालच्या आळीतल्या सगळ्या विहिरी ज्या मांजऱ्याच्या थरात आहेत तो थर वर गायरानाच्या उतारावर उघडा पडतो, म्हणजे पाणी मुरवायचं तर तिथं मुरवायला पाहिजे, आणि ओढ्यातले दोन सिमेंट बंधारे बसलेत ते भरीव कातळावर, त्यामुळं त्यात पाणी दिसतं झकास, फोटो येतो झकास, मुरत मात्र थोडंच, बाकीचं उन्हाळ्यापर्यंत उडून जातं. फळ्यापुढं बसलेले एक आबा म्हणाले, “तरीच म्हणलं बंधारा भरला तरी माझी विहीर का हलत नाय.” या एका दुपारसाठी दोन स्टार. पुढच्या वर्षीचे चर कुठं घ्यायचे हे त्या फळ्यावरनं ठरलं, आणि हे ना आमच्या इंजिनियरला सुचलं असतं ना पाणाड्याला.

आता कॅलेंडर. हा सगळ्यात मोठा घोळ आणि यावर कुणी बोलत नाही. भूजलाचं काम कधी करायचं ते आपण नाही ठरवत, पाऊस ठरवतो. राज्याचा भूजल विभाग निरीक्षण विहिरी वर्षातनं चारदा मोजतो, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, त्यातले मे आणि ऑक्टोबर सगळ्यात महत्त्वाचे, म्हणजे एक पावसाच्या आधी आणि एक नंतर. आता विद्यापीठात मे महिन्यात काय असतं? परीक्षा, पेपर तपासणी, मग सुट्टी. ऑक्टोबरमध्ये? सत्र परीक्षा नाहीतर दिवाळी. नॅकची, म्हणजे विद्यापीठाला दर्जा देणाऱ्यांची, टीम येणार असली तर ते दोन-तीन महिने विसरा, फोनच लागत नाही. आमचं पहिलं मे महिन्याचं मोजमाप जूनच्या मध्यात झालं, तेव्हा वळवाचे दोन पाऊस पडून गेले होते. त्यांना वाटलं पंधरा दिवसांनी काय होतं. बेसलाईन, म्हणजे पावसाआधीची मूळ पातळीच, गेली ना सर, अजून काय व्हायचं!

पण सरांची बाजूही खोटी नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानं सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, आणि विभागातल्या जागा रिकाम्या, निम्मी शिकवणी तासिका तत्त्वावरच्या पोरांवर चाललेली, वर परीक्षेचं काम, समित्या, पोर्टलवर माहिती भरणं. त्यातून शनिवार-रविवार काढून हा माणूस पुण्याकडून दहिवडीला, आमच्या तालुक्याच्या गावी, येत होता. मला त्यांचा राग कधी आला नाही, त्यांच्या वेळापत्रकाचा यायचा.

मोजमापाची गंमत सांगते, हे वाचून तुम्हाला कळेल की दोन्हीकडची माणसं का लागतात. पीएचडी करणारी मुलगी विहिरीची पातळी मोजायला यायची, पाण्याला टेकली की पीं वाजणारी टेप असते ती घेऊन. विद्यापीठाची गाडी सकाळी निघणार, पोचायला अकरा-साडेअकरा. तोपर्यंत ज्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाईट असते त्या आठवड्यात मोटरा दोन-तीन तास चालून विहीर खाली गेलेली असते. दुसऱ्या वेळी ती आली त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती, मोटरा रात्री चालून पहाटे बंद झालेल्या आणि सकाळभरात विहीर परत चढलेली. तिच्या ग्राफवर आलं की फेब्रुवारीत, पावसाचा थेंब नसताना, सात-आठ विहिरींची पातळी वाढली. तिनं मोठ्या उत्साहानं सरांना मेल केला, चरांमुळं पुनर्भरण उशिरापर्यंत चालू राहतं असं काहीतरी, स्लाईड पण तयार. आमचा फील्डवरचा पोरगा मागनं स्क्रीनकडं बघत होता, म्हणाला, “मॅडम, ते मुरलेलं पाणी नाय, त्या आठवड्यात लाईट रातची हुती.” खोलीत एकदम शांतता, मग सर हसायला लागले, मग ती पण. त्यानंतर नियम झाला की पातळी पहाटे, रात्रीच्या लाईटचा आठवडा सोडून, मोटर चालू व्हायच्या आधी घ्यायची आणि बाजूला लाईटचा रकाना ठेवायचा. पण उलटं पण सांगायला पाहिजे. गावानं आणि आम्ही सगळ्यांनीच जे धरून ठेवलं होतं की बंधाऱ्यामुळं एका वर्षात पाणी वाढलं, ते याच मुलीनं त्या वर्षीचा पाऊस आधीच्या वर्षांच्या शेजारी ठेवून दाखवलं की बाई, पाऊसच जास्त झालाय, बंधाऱ्याचा वाटा यातनं सांगताच येत नाही. ते ऐकायला कुणाला आवडलं नाही, मलाही नाही, पण खरं तेच होतं.

आता पहाटे मोजायचं म्हणजे पुण्याहून कोण येणार, गावातलंच माणूस पाहिजे. बचत गटातली एक मुलगी तयार झाली, बारावी झालेली, हुशार, पर्जन्यमापकाची नोंद ती आधीपासून रोज सकाळी साडेआठला घेतच होती. तिला मानधन द्यायचं ठरलं तर विद्यापीठाच्या हिशेब विभागानं सांगितलं की या हेडखाली फील्ड इन्व्हेस्टिगेटर पदवीधरच पाहिजे. म्हणजे पदवीधर पोरगा पुण्यात बसून टाईप करेल त्याला पैसे, आणि जी पहाटे पाचला टॉर्च घेऊन विहिरीवर जाते तिला नाहीत. शेवटी आमच्या खात्यातनं दिले. वही मात्र तिची बघण्यासारखी, तारीख, पाऊस, आणि एक जास्तीचा रकाना तिनं स्वतःच आखलेला, ‘ओढा कुठपर्यंत आला’. त्यात लिहिलेलं, मारुतीच्या देवळापर्यंत, मोरीपर्यंत, आला नाही. एक्सेलमध्ये भरताना तो रकाना गाळला, का तर तो आकडा नाही. पुढं सरांनाच अपधाव (न मुरता वाहून गेलेलं पाणी) काढताना अडायला लागलं तेव्हा त्याच वहीचे फोटो व्हॉट्सअपवर मागवले.

एक मुद्दा असा आहे ज्यावर मी अजून सरांशी वाद घालते. त्यांना कंट्रोल गाव पाहिजे होतं. म्हणजे ज्या गावात आम्ही काहीच काम केलं नाही असं शेजारचं, तसाच खडक, तसाच पाऊस, तिथं पण महिन्याला विहिरी मोजायच्या, म्हणजे फरक कामामुळं पडला का पावसामुळं ते कळेल. शास्त्र म्हणून एकदम बरोबर, वरचा पावसाचा किस्सा बघितला तर त्याशिवाय पर्यायच नाही. पण त्या गावात जाऊन काय सांगायचं? की तुमच्याकडं आम्ही काही करणार नाही, फक्त दर महिन्याला येऊन तुमच्या विहिरी किती आटल्या ते लिहून नेणार? पहिल्या महिन्यात चहा मिळाला. तिसऱ्या महिन्यात सरपंच म्हणाले, “ताई, शेजारी चर खांदता आणि आमच्याकडं टेप सोडता, हे काय बरं दिसत नाय.” त्यांचं काय चुकलं सांगा. सर म्हणतात दोन वर्ष थांबा, मग त्या गावात पण काम काढू, पुरावा हातात असेल तर पैसे मिळतील. पण दोन वर्षांनी सीएसआरचा निधी असेल याची हमी सर देऊ शकत नाहीत आणि मी तर नाहीच नाही. शेवटी मधला मार्ग म्हणून त्या गावात पिण्याच्या पाण्याची तपासणी, नायट्रेट, फ्लोराईड, क्षार वगैरे, विद्यापीठाच्या लॅबमधून फुकट करून दिली, ते त्यांना उपयोगी पडलं आणि टेपला परत परवानगी मिळाली. आता यावर कुणी म्हणेल की तिथंही हस्तक्षेप केलाच की. म्हणू दे.

संमतीपत्राचं थोडक्यात. एथिक्स कमिटीची अट म्हणून दोन पानी फॉर्म, मराठी असं की तलाठ्याला सुद्धा दोनदा वाचावं लागेल, आणि खाली सही किंवा अंगठा. सह्या मागितल्या की गावात पहिला प्रश्न, “सातबाऱ्यावर काय चढणार नाय ना?” त्यात विहीर किती खोल, बोअर किती फूट, किती बोअर कोरड्या गेल्या हे विचारायचं, आणि भूजल कायद्याचं नाव लोकांनी ऐकलेलं असतं, ६० मीटरच्या खाली बोअर घ्यायला मनाई आहे वगैरे, मग खरी खोली कोण सांगतंय. आमच्या पोरांनी दारोदार बसून समजावलं. ते समजावण्याचे तास कुठल्या बजेट हेडमध्ये असतात? कुठल्याच नाही.

आता श्रेय. आमच्या क्षेत्रात सगळे म्हणतात की प्राध्यापक लोक आपला डेटा घेतात आणि पेपरवर आपलं नाव टाकत नाहीत, माणसं स्वार्थी असतात. मी पण तेच म्हणायचे, मग सरांनी एकदा नियम काढून दाखवला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंधाचे गुण ठरलेले आहेत, विज्ञानाला एका पेपरचे ८, सामाजिक शास्त्रांना १०. दोन लेखक असतील तर दोघांनाही ७० टक्के. दोनपेक्षा जास्त झाले की मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे सर आणि पीएचडीची मुलगी दोघंच असतील तर दोघांचं ठीक चाललंय, तिसरं नाव आमच्या संस्थेचं घुसवलं की त्यातल्या एकाचे गुण ७० वरून थेट ३० वर. आणि ते गुण नोकरीच्या मुलाखतीला बोलावणं येतं का नाही इथपर्यंत जातात. आता सांगा त्या पोरीच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? नियमच असा आहे की माणूस चांगला असला तरी कंजूष होतो. वर गावासाठी मराठीत केलेली पुस्तिका, फळ्यावरचा छेद, ग्रामसभेत दिलेला दीड तास, याला त्या तक्त्यात गुण किती? शोधून बघा. आम्हाला शेवटी मिळालं ते आभारात, त्यात संस्थेच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. पेपर इंग्रजीत, आणि वाचायचा तर डॉलरमध्ये पैसे भरा, सरांनी पीडीएफ पाठवली म्हणून बघायला मिळाला.

आणि गावाचं नाव काय तर ‘व्हिलेज ए’. गोपनीयता म्हणून. व्यक्तींची नावं लपवायला पाहिजेत हे शंभर टक्के मान्य, कुणाच्या किती बोअर कोरड्या गेल्या हे छापायचं कारण नाही. पण गावाला स्वतःचं नाव पाहिजे होतं! सरपंचांना तो पेपर बीडीओंच्या टेबलावर ठेवायचा होता, की बघा आमच्या गावाचा अभ्यास झालाय, गायरानावरच्या कामाला मंजुरी द्या. ‘व्हिलेज ए’ म्हणजे आम्हीच, हे सांगायला त्यांनी आमच्या संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घेतलं. हसावं का रडावं.

आता स्टार का कापले त्याचं खरं कारण, निकाल कधी मिळतो. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, कांद्याचा निर्णय त्याच सुमाराला, त्यामुळं यंदा जमिनीत पाणी किती आहे हे ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कळलं तर उपयोग. हिवरे बाजारला हेच करतात, पाऊस मोजतात, भूजल विभागाच्या मदतीनं पाण्याचा ताळेबंद मांडतात, ग्रामसभेत ठरतं कुठलं पीक झेपेल. आमचे आकडे ऑक्टोबरात तयार होते, लॅपटॉपमध्ये. सर म्हणाले, अजून डेटा क्लीन व्हायचाय, खडकातनं किती टक्के पाणी सुटतं तो गुणांक नक्की व्हायचाय, तो जरा इकडंतिकडं झाला की सगळा ताळेबंद दुप्पट-निमपट होतो, आणि एकदा आकडा बाहेर गेला की तो पेपरात छापून येतो, मग मागं घेता येत नाही. यात तथ्य आहे, कातळात तो गुणांक टक्क्या-दोन टक्क्यांत असतो, अर्ध्या टक्क्यानं हिशेब बदलतो. पण शेतकरी तुमच्या गुणांकाची वाट बघत बसणार नाही, तो त्या आठवड्यात कांद्याचं रोप आणणार आहे. आकडा नाही दिला तर तो शेजाऱ्याचं बघून लावणार, ते बरं का?

बरीच ओढाताण झाली, मग आमच्या पोरानं तोडगा काढला. घनमीटर राहू द्या, मोटरच्या तासात सांगा. आपल्याकडं विहिरीचं पाणी कुणी लिटरमध्ये मोजतच नाही, माझी विहीर तीन तास चालते, असंच म्हणतात. मुलीनं आधीच्या वर्षाची पातळी आणि यंदाची पातळी ठेवून, खालच्या आळीतल्या विहिरी फेब्रुवारीनंतर दिवसाला तास-दीड तासाच्या वर चालणार नाहीत, असा अंदाज मांडला, थोडं कमी-जास्त होईल हेही सांगितलं. सरांना ते चाललं कारण त्यात खोटी अचूकता नव्हती, गावाला चाललं कारण समजलं. सगळ्यांनी ऐकलं असं नाही, ज्यांनी दुसऱ्याकडून रोप आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी लावलंच. पण काही जणांनी कांदा अर्धा केला. माझ्या मते या पूर्ण भागीदारीतलं सगळ्यात उपयोगी काम हे, आणि ते ना प्रस्तावात होतं ना पेपरमध्ये आलं.

शेततळ्यांचं सांगायचं का नाही विचार करत होते. मागेल त्याला शेततळं ही योजना २०१६ ची, आमच्या संस्थेनं पण सीएसआरमधून तळ्यात अंथरायचे प्लॅस्टिकचे कागद दिले होते. अभ्यासात निघालं की बरीचशी शेततळी पावसाच्या पाण्यानं भरतच नाहीत, विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरून ठेवतात, म्हणजे जे सगळ्यांच्या खडकात होतं ते एकाच्या तळ्यात आलं आणि उन्हानं उडायला लागलं. हे नवीन नाही, राज्यात आधीही अभ्यासकांनी लिहिलंय. पण आपल्याच गावाचं, आपल्याच लोगोच्या तळ्याचं आलं की ऑफिसात चुळबुळ सुरू होते. वार्षिक अहवालात कसं लिहायचं, कंपनीला काय सांगायचं. एका मीटिंगमध्ये चक्क सुचवलं गेलं की विद्यापीठाला तेवढा भाग वगळायला सांगू. सर नाही म्हणाले, शांतपणे, आणि त्या दिवशी मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. संशोधक स्वार्थी म्हणणाऱ्या संस्थावाल्यांनी हा आरसा पण बघावा, आपल्याला संशोधन पाहिजे असतं का सर्टिफिकेट?

दुसरीकडं काय मिळतं याची पण तुलना टाकते. ज्यांनी हे दोन्ही एका छताखाली आणलं त्यांचं बरं चाललंय. पुण्यातली ॲक्वाडॅम, १९९८ पासून, भूशास्त्रज्ञांचीच संस्था, संस्था-संघटनांच्या कार्यकर्त्यांना भूजल शिकवते, म्हणजे तुमचाच पोरगा तयार होऊन येतो. वॉटर (WOTR) सारख्या पाणलोटात मुरलेल्या संस्थेनं स्वतःचा संशोधन विभागच काढला. आयआयटी मुंबईच्या सितारा (CTARA) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या विभागातली मुलं गावात राहून प्रश्न घेतात, आणि २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियानातनं आसपासच्या अभियांत्रिकी कॉलेजांनी स्थानिक प्रश्नांवर अभ्यास करावा अशी सोय झालीय. पोकरा या राज्याच्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटीनं करून दिली आणि ती कृषी विभागाच्या यंत्रणेत वापरली गेली, म्हणजे मनात आणलं तर आकडा पेपरच्या बाहेर पडतो. जवळचं कॉलेज घेतलं तर एक मोठा फायदा, पोरं एसटीनं येतात, पहाटे येऊ शकतात, आणि त्यांच्या मामाचीच विहीर असते. तोटा असा की मशिनरी, लॅब, अनुभवी सर तिथं मिळतीलच असं नाही. आम्ही आता दोन्ही मिळून करतोय, मोजणं जवळच्या कॉलेजकडं, खडक आणि विश्लेषण त्याच जुन्या सरांकडं. हो, परत त्यांच्याकडंच गेलो.

फक्त या वेळी एमओयूच्या आधी एक साधं पान मराठीत लिहून घेतलंय, दोघांनी सह्या केल्यात. मे आणि ऑक्टोबरची मोजमापं तारीख टाकून ठरलेली, परीक्षा असो का दिवाळी. ग्रामसभेच्या आधी अंदाज सांगायचा, कच्चा असला तरी कच्चा म्हणून सांगायचा, पेपर नंतर. गावाचं नाव टाकायचं का नाही ते ग्रामसभा ठरवेल. मूळ वह्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत राहील. पहिल्या पेपरला सर आणि मुलगी, दुसऱ्याला आमच्यातला एक जण लेखक, म्हणजे तिचे गुण पण जात नाहीत आणि आमचं आभारप्रदर्शन पण टळतं. न आवडणारा निष्कर्ष आला तर तो दडपायचा नाही, आधी पंधरा दिवस आम्हाला दाखवायचा एवढंच. वही भरणाऱ्या मुलीचं मानधन आमच्या बाजूच्या बजेटमध्ये, त्यांच्या हिशेब विभागाच्या नादाला लागायचंच नाही.

कुणी घेऊ नये तेही सांगते. मार्चच्या आत पैसे संपवायचेत आणि जूनला अहवाल पाहिजे, अशांनी घेऊ नये, कन्सल्टंट लावा, चकचकीत रिपोर्ट येईल. आपल्या कामाचं फक्त कौतुक ऐकायचंय त्यांनीही नको. आणि पैशाची जोडणी करताना दोन गोष्टी सीएला आधी विचारा. विद्यापीठानं कन्सल्टन्सी म्हणून बिल काढलं तर वर १८ टक्के जीएसटी आणि त्यांचा संस्थात्मक हिस्सा वेगळा, ते धरून बजेट करा. परदेशी निधी असेल तर एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही, त्यामुळं ‘आमच्याकडं येऊ द्या, मग वाटून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. आमचा देशी पैसा असूनही शेवटचा हप्ता वापर दाखल्यावरनं (पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला) अडकलाय, मूळ सही पाहिजे, स्कॅन चालत नाही म्हणे. सर रिटायर व्हायच्या आत तेवढं झालं तर साडेतीन स्टार करीन.